दुकानाची वाट : स्पॅनिशमधील एक प्रश्न आणि मराठी विद्यार्थी

परकीय भाषेच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांत वाट विचारण्याचा पाठ हटकून असतो आणि तो हटकून उपेक्षिला जातो. शिक्षकाला तो क्षुल्लक वाटतो. विद्यार्थी त्यातील पाच-सहा वाक्ये पाठ करून पुढे सरकतो. साहित्याच्या अभ्यासकाला तर त्याचे काहीच देणेघेणे नसते. परंतु दोन भाषांची घडण एकमेकींशेजारी ठेवून पाहायची असेल, तर या पाठाइतका सोयीचा पाठ क्वचित सापडेल, असे मला वाटते. वाट विचारणारा मनुष्य आपले अज्ञान उघड करतो आणि ते नेमके किती आहे हेही सांगतो. दुकान आहे हे ठाऊक आहे पण जागा ठाऊक नाही, ही एक स्थिती. दुकान आहे की नाही हेच ठाऊक नाही, ही दुसरी. या दोन स्थितींतील भेद काही भाषा व्याकरणाने सक्तीचा करतात, काही बोलणाऱ्याच्या मर्जीवर सोडतात.

प्रस्तुत लेखात स्पॅनिशमध्ये दुकानाची वाट विचारण्याच्या रीतीचा विचार मराठी भाषिकाच्या बाजूने केला आहे. आपल्याकडे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात आणि अन्यत्रही स्पॅनिश शिकवली जाते. मात्र विद्यार्थ्याच्या हाती येणारी साधने बहुधा इंग्रजीच्या आधाराने तरी लिहिलेली असतात किंवा संपूर्ण स्पॅनिशमध्ये तरी. त्याची मातृभाषा वर्गाच्या दाराबाहेर राहते. तिला आत घेतले असता काय हाती लागते, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

लेखनाविषयी एक खुलासा. स्पॅनिश शब्द येथे नागरीत दिले आहेत. स्पेनच्या मध्य व उत्तर भागांत काही ठिकाणी जिभेचे टोक दातांमध्ये धरून जो वर्ण उच्चारतात, त्याच्या जागी आंदालुसियाच्या बऱ्याच भागात व संपूर्ण स्पॅनिश अमेरिकेत 'स' उच्चारतात. येथे 'स'च वापरला आहे. त्या वर्णासाठी 'थ' लिहिणे चुकीचे ठरले असते, कारण आपला 'थ' महाप्राण स्पर्शवर्ण आहे आणि त्या वर्णात स्पर्शही नाही व महाप्राणही नाही.

आता एक प्रसंग कल्पू. माद्रिद शहर, रात्रीचे अकरा वाजून गेलेले. सोबतच्या माणसाला ताप चढला आहे आणि औषध हवे आहे. स्पेनमध्ये औषधांची बहुतेक दुकाने रात्री बंद असतात. परंतु पाळीपाळीने काही दुकाने उघडी ठेवण्याची व्यवस्था असते. अशा दुकानाला 'फार्मासिया दे ग्वार्दिया' म्हणतात, म्हणजे शब्दशः पहाऱ्यावरचे औषधांचे दुकान. स्पॅनिश अमेरिकेत अनेक ठिकाणी त्यालाच 'फार्मासिया दे तुर्नो' म्हणतात. हा 'तुर्नो' म्हणजे आपली 'पाळी'च. बंद असलेल्या दुकानाच्या दारावर त्या रात्री कोणाची पाळी आहे याची सूचना लावलेली असते. दुकानाची खूण म्हणजे हिरवा क्रूस.

आपला प्रवासी रस्त्यावर येऊन पहिल्या भेटलेल्या माणसाला विचारतो : 'दोंदे एस्ता ला फार्मासिया?' वाक्यात व्याकरणाची चूक नाही. उत्तरही तत्काळ मिळते : ती काय, कोपऱ्यावर. प्रवासी कोपऱ्यावर जातो. दुकान आहे, परंतु बंद आहे. उत्तर देणाऱ्याने काहीच गैर केले नाही. त्याला विचारले गेले ते असे : 'ते (तुम्हा-आम्हांला ठाऊक असलेले, एकमेव) औषधांचे दुकान कोठे आहे?' त्याने सर्वांत जवळचे, सर्वांना ठाऊक असलेले दुकान दाखवले. विचारायला हवे होते ते असे : 'दोंदे आय उना फार्मासिया दे ग्वार्दिया?' त्याचा अर्थ, 'पाळीवरचे एखादे औषधांचे दुकान कोठे आहे?' फरक केवळ 'दे ग्वार्दिया' या दोन शब्दांचा नाही. 'एस्ता'च्या जागी 'आय' आला आहे आणि 'ला' या निश्चयवाचक उपपदाच्या जागी 'उना' हे अनिश्चयवाचक उपपद आले आहे. हे दोन बदल जोडीने होतात. 'आय' बरोबर 'ला' चालत नाही. 'दोंदे आय ला फार्मासिया' असे कोणी स्पॅनिश भाषिक म्हणणार नाही.

'आय' हे क्रियापद वस्तूचे अस्तित्व सांगते, 'एस्ता' तिचे स्थान सांगते. 'आय'ची व्युत्पत्तीही पाहण्यासारखी आहे. 'जवळ असणे' या अर्थाच्या क्रियापदाचे 'आ' हे रूप आणि 'तेथे' या अर्थाचा जुना 'इ' यांची ती संधी आहे. या व्युत्पत्तीमुळेच ते वचनानुसार बदलत नाही. एक दुकान असो की दहा असोत, 'आय' तसेच राहते. आपण 'आहे' आणि 'आहेत' असा भेद करतो. म्हणून मराठी विद्यार्थी येथे एखादे अनेकवचनी रूप शोधू लागतो. ते नाही, एवढे त्याला एकदा सांगून ठेवावे.

यावर कोणी म्हणेल की मराठीत हा भेदच नाही, आपल्याला 'आहे' या एकाच क्रियापदावर भागवावे लागते, आणि म्हणूनच हा विषय आपल्याला जड जातो. मला हे म्हणणे अर्धेच खरे वाटते. 'औषधांचं दुकान कुठं आहे?' हे मराठी वाक्य दुअर्थी आहे, हे मान्य. परंतु मराठी भाषिकाला भेद करायचा असतो तेव्हा तो सहज करतो : 'इथं एखादं औषधांचं दुकान आहे का?' आणि 'ते औषधांचं दुकान कुठं आहे हो?' यांतील 'एखादं' आणि 'ते' हे शब्द नेमके तेच काम करतात, जे स्पॅनिशमध्ये 'आय उना' आणि 'एस्ता ला' करतात. मराठीत ते ऐच्छिक, स्पॅनिशमध्ये अनिवार्य, एवढाच काय तो फरक. म्हणून मराठी विद्यार्थ्याला मी एकच कसोटी सांगेन : मराठी वाक्यात 'एखादं' घालून पाहा. ते खपले तर 'आय', आणि तेथे 'ते' किंवा 'तो' हवासा वाटला तर 'एस्ता'. इंग्रजीतून जाणाऱ्याची येथे फसगत होते. 'आय' म्हणजे इंग्रजीतले अस्तित्ववाचक वाक्य असे त्याला शिकवलेले असते, परंतु इंग्रजीत 'कोठे' हा शब्द त्या वाक्यरचनेत सहजासहजी बसत नाही. म्हणून 'कोठे' म्हणताच तो 'एस्ता'कडे वळतो आणि 'दोंदे एस्ता उना फार्मासिया' असे काहीतरी मिश्रण तयार करतो.

हाच भेद दुकानात शिरल्यावरही कामी येतो. 'नो आय' म्हणजे जिन्नस नाही, संपला. 'नो एस्ता' म्हणजे ज्याला तुम्ही भेटायला आलात तो जागेवर नाही. पाव नसला तर पहिले, मालक नसले तर दुसरे. आपण दोन्हीकडे 'नाही' म्हणतो, आणि मालक व पाव यांत गल्लत होण्याचे काही कारण नसल्यामुळे आपले अडत नाही.

प्रश्नाच्या उच्चाराचा मुद्दा थोडक्यात. स्पॅनिशमधील 'त' आणि 'द' हे दंत्य आहेत, आपल्या 'त', 'द' यांच्यासारखेच. 'प', 'त', 'क' यांत महाप्राणाचा अंशही नाही. याबाबतीतही ते आपल्यासारखेच. असे असताना आपला विद्यार्थी दुकानाला 'त्येंदा' न म्हणता 'टिएंडा' म्हणतो, याचे कारण त्याची जीभ नसून त्याचे डोळे आहेत. रोमन लिपीतील ते अक्षर पाहिले की टेबल, टिकीट, टेलिफोन या शब्दांची सवय पुढे येते. तोच शब्द नागरीत लिहून दिला तर तो पहिल्याच खेपेस शुद्ध उच्चारतो. दोन स्वरांमधला 'द' स्पॅनिशमध्ये बराच सैल होतो, हे मात्र निराळे शिकवावे लागते. तसेच एकेरी आणि दुहेरी 'र' यांचा भेदही. 'कारो' म्हणजे महाग आणि 'कार्रो' म्हणजे गाडी. बाजारात दोन्ही शब्दांना काम असते.

आता हाक कशी मारावी. स्पेनमध्ये 'ओइगा' (ऐका) किंवा 'पेर्दोने' (क्षमा करा), स्पॅनिश अमेरिकेत अधिक करून 'दिस्कुल्पे'. मराठीत आपण 'अहो' म्हणतो, 'अहो, जरा ऐकता का?' म्हणतो, आणि समोरचे माणूस पाहून काका, मावशी, दादा यांपैकी एक नाते जोडून टाकतो. स्पॅनिशमध्ये अनोळखी माणसाशी नाते जोडण्याऐवजी 'सेन्योर', 'सेन्योरा' हे आदरवाचक शब्द येतात. त्यांच्या 'पोर फाबोर' या शब्दांसाठी आपली पाठ्यपुस्तके 'कृपया' हा शब्द देतात. हा 'कृपया' सरकारी फलकावरून रस्त्यावर कधी उतरलेला मी ऐकलेला नाही. 'पोर फाबोर'चे काम मराठीत 'जरा' आणि वाक्याच्या शेवटचा 'का' किंवा 'हो' करतात. भाषांतर करायचे झाले तर ते तसे करावे.

सर्वनामाबाबत मराठी विद्यार्थ्याची स्थिती चांगली आहे. स्पॅनिशमध्ये एकेरी सर्वनाम 'तू' आणि आदरार्थी सर्वनाम 'उस्तेद'. त्यांचे 'तू' आणि आपले 'तू' मूळचे एकच आहेत आणि ऐकायलाही एकच आहेत. तोंडात बसलेला शब्द म्हणून तो चटकन बाहेर पडतो; परंतु 'तू' म्हणायला मराठी माणूस अनोळखी व्यक्तीपुढे जसा कचरतो, तसेच त्याने येथेही कचरावे. स्पेनमधली तरुण मंडळी आज एकमेकांना सर्रास 'तू' म्हणतात, हे खरे. पण वाट विचारणारा पाहुणा 'उस्तेद' म्हणून कधी चुकत नाही. 'उस्तेद' हे 'वुएस्त्रा मेर्सेद' या, 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचे झिजलेले रूप आहे. त्यामुळे त्याचे क्रियापद तृतीय पुरुषी असते. हे चमत्कारिक वाटण्याचे आपल्याला कारण नाही. रावसाहेबांच्या तोंडावर 'रावसाहेब येणार का?' असे विचारण्याची रीत मराठीत होतीच.

या आदरार्थी रूपाचा दुसरा परिणाम उत्तरात दिसतो. वाट सांगणारा म्हणतो : 'सीगा', 'क्रूसे', 'सूबा'. ही आज्ञार्थाची खास रूपे नव्हेत. इच्छा, शंका, अपेक्षा व्यक्त करणाऱ्या अर्थाची ही रूपे आहेत आणि आदर दाखवण्यासाठी आज्ञेच्या जागी वापरली जातात. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याला हे स्वतंत्र प्रकरण म्हणून अभ्यासावे लागते. मराठीत 'सरळ जावे, पूल ओलांडावा, मग वर चढावे' असे जुन्या वळणाची माणसे अजूनही सांगतात. आज्ञार्थाऐवजी विध्यर्थ योजून आदर दाखवण्याची युक्ती दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे साधली आहे. 'यावे, बसावे' म्हणणाऱ्या घरातील विद्यार्थ्याला 'सीगा' का, हे समजावून सांगावे लागू नये.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रश्न विचारणे सोपे असते, कारण तो आपण घरून तयार करून नेतो. उत्तर आपल्या हाती नसते. आपल्या प्रवाशाला नीट प्रश्नाचे मिळालेले उत्तर असे असू शकेल :

'पेर्दोने, सेन्योरा, आय उना फार्मासिया दे ग्वार्दिया पोर आकी सेर्का?'

'सी. सीगा तोदो रेक्तो आस्ता ला प्लासा, क्रूसे, इ ले केदा आ मानो देरेचा.'

याचे मराठी असे : 'माफ करा हं, बाई, इथं जवळपास पाळीवरचं एखादं औषधांचं दुकान आहे का?' 'आहे ना. चौकापर्यंत अगदी सरळ जावं, ओलांडावं, की तुम्हांला उजव्या हाताला लागेल.'

'ले केदा आ मानो देरेचा' या चार-पाच शब्दांपाशी थांबावे. 'ले' म्हणजे 'तुम्हांला', चतुर्थीचे रूप. 'आ मानो देरेचा' म्हणजे 'उजव्या हाताला'. 'केदा' हे 'राहणे' या अर्थाच्या क्रियापदाचे रूप आहे. म्हणजे स्पॅनिश वाक्य शब्दशः असे आहे : 'तुम्हांला उजव्या हाताला राहते.' मराठी वाक्य : 'तुम्हांला उजव्या हाताला लागते.' एका क्रियापदाचा फरक सोडला तर दोन्ही वाक्यांचा सांगाडा तंतोतंत एक आहे. दुकान कर्ता आहे, वाटसरू चतुर्थीत आहे, आणि दिशा ही होकायंत्राची नसून वाटसरूच्या हाताची आहे. इंग्रजी वाक्यात दुकान 'उजवीवर' असते; तेथे हातही नाहीसा होतो आणि वाटसरूही. मग इंग्रजीच्या आधाराने शिकलेला विद्यार्थी 'ले' ऐकतो, त्याचा अर्थ न लागून ते गाळतो, 'मानो' म्हणजे हात हे त्याला ठाऊक असते आणि हाताचा येथे काय संबंध म्हणून तो गोंधळतो. ज्या विद्यार्थ्याला घरी रोज 'डाव्या हाताला' ऐकू येते, त्याला परक्या भाषेतला तोच प्रयोग परका वाटावा, ही आपल्या शिक्षणपद्धतीची करामत आहे.

क्रियापदातील फरकही दवडण्यासारखा नाही. मराठीत दुकान 'लागते' : वाटसरू चालत असतो आणि दुकान त्याच्या वाटेत येऊन त्याला भेटते. हिंदीत ते 'पड़ता है', बंगालीतही 'पोड़बे', म्हणजे पडेल. गुजरातीत ते 'आवशे', येईल. आपल्या या सर्व भाषांत दुकानाला काहीशी हालचाल आहे. स्पॅनिशमध्ये दुकान जागेवरच राहते आणि हालचाल सर्वस्वी वाटसरूची असते. एवढ्यावरून त्या समाजाच्या स्वभावाविषयी सिद्धान्त मांडण्याचा मोह अनावर होतो, तो आवरावा. स्पॅनिशमध्येही रस्ता चौकाला 'देतो', असे म्हणतातच, आणि आपला रस्ता स्टेशनला 'जातो'.

'देरेचा' या शब्दात आणखी एक फसवी जागा आहे. 'आ ला देरेचा' म्हणजे उजवीकडे. 'देरेचो' म्हणजे सरळ. स्पॅनिश अमेरिकेत 'सरळ जा' हे 'सीगा देरेचो' असे सांगतात. स्पेनमध्ये बहुधा 'तोदो रेक्तो' म्हणतात. शेवटच्या एका स्वराने सरळची वाट उजवीकडे वळते. हा 'आ' स्त्रीलिंगाचा आहे, कारण 'मानो' (हात) हा शब्द 'ओ'कारान्त असूनही स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी आहे आणि 'देरेचा' हे मुळात त्याचे विशेषण आहे. विशेष्य गळून पडले, विशेषणाचे लिंग मागे उरले. मराठी अभ्यासकाने येथे आपल्या 'उजवीकडे', 'डावीकडे' या रूपांकडे वळून पाहावे. ही रूपे स्त्रीलिंगी का? 'उजव्याकडे' का नव्हे? 'बाजू' हे गळालेले विशेष्य मानल्यास उलगडा होतो. दोन्ही भाषांत दिशावाचक शब्द लपलेल्या स्त्रीलिंगी नामाच्या आधाराने उभा आहे. विद्यार्थ्याने 'देरेचा' आणि 'उजवी' हे एकत्र लक्षात ठेवले तर 'देरेचो'शी गल्लत होणार नाही. डाव्यासाठीचा 'इस्क्येर्दा' हा शब्द लॅटिनमधून आलेला नाही. तो बास्क भाषेशी नाते सांगतो. लॅटिनमधला डाव्याचा शब्द स्पॅनिशमध्ये अशुभ या अर्थाकडे झुकला. आपल्याकडे 'वाम' या शब्दाचेही काहीसे तसेच झाले आहे.

उघड्या दुकानाला 'आबिएर्ता', बंद दुकानाला 'सेर्रादा' म्हणतात. 'फार्मासिया' स्त्रीलिंगी म्हणून ही रूपे. मराठीतही 'उघडा, उघडी, उघडे' असे लिंगानुसार बदलते. 'बंद' हा शब्द मात्र फारसीतून आला आणि लिंग न स्वीकारता राहिला. स्पेनमध्ये लहान दुकाने दुपारी दोनच्या सुमारास बंद होऊन पाचच्या सुमारास पुन्हा उघडतात, हे सांगितल्यावर परप्रांतीय विद्यार्थी नवल करतात. पुण्याचे विद्यार्थी करीत नाहीत.

दुकानांची नावे हा खरे तर स्वतंत्र लेखाचा विषय. स्पॅनिशमधील 'एरिआ' हा प्रत्यय लागला की दुकान तयार होते : पाव म्हणजे 'पान', पाव करणारा 'पानादेरो', त्याचे दुकान 'पानादेरिआ', मांस विकणारा 'कार्निसेरो', त्याचे 'कार्निसेरिआ', बूट म्हणजे 'सापातो', म्हणून 'सापातेरिआ'. यांतील पाव तर आपल्या ओळखीचाच. त्याची पोर्तुगीज भावंडे गोव्याच्या वाटेने आपल्याकडे आली : 'पाव' हा शब्द, आणि घरोघरी पाव घालणारा गोव्याचा 'पोदेर'. आपला 'पगार' हाही पोर्तुगीजांचाच, मूळ अर्थ 'पैसे देणे'; तोच 'पागार' स्पॅनिशमध्ये 'दोंदे से पागा?' (पैसे कोठे द्यायचे?) या प्रश्नात रोज ऐकू येतो.

काही नावे मात्र दगा देतात. 'लिब्रेरिआ' म्हणजे पुस्तकांचे दुकान, ग्रंथालय नव्हे. 'लायब्ररी' हा शब्द आपण इतका मराठी करून टाकला आहे की येथे चूक व्हायचीच. 'द्रोगेरिआ'मध्ये स्पेनात रंग, साबण, फिनेल अशा वस्तू मिळतात, तर कोलंबियात तेच औषधांचे दुकान असते. टपालाची तिकिटे हवी असतील तर 'एस्तान्को' शोधावा. हे तंबाखूचे दुकान. कास्तिल राज्यात 1636 साली तंबाखूच्या विक्रीचा मक्ता सरकारने आपल्याकडे घेतला, त्याची आठवण या नावात आहे. वाण्याच्या दुकानाला स्पेनमध्ये जुने नाव 'उल्त्रामारिनोस', म्हणजे समुद्रापलीकडचे जिन्नस. मेक्सिकोत तेच 'आबार्रोतेस', मध्य अमेरिकेत काही देशांत 'पुल्पेरिआ', आर्जेंटिनात 'आल्मासेन'. हा 'आल्मासेन' स्पेनमध्ये मात्र वखार ठरतो.

'आल्मासेन' अरबी. उत्तरातला 'आस्ता' (पर्यंत) हाही अरबी. जकातीचे ठाणे म्हणजे 'आद्वाना', त्यात आपला 'दिवाण' दडला आहे. आणि आपल्या 'दुकान' या शब्दाचे काय? तो अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. मूळ अरबी शब्दाचा एक अर्थ दगडी बाक किंवा ओटा. त्यावर माल मांडून बसत. तोच शब्द अरबांबरोबर स्पेनमध्येही गेला, आणि तेथे तो 'आदोकीन' झाला : रस्त्यात बसवलेला घडीव दगड. मराठी माणूस ज्या रस्त्यावर उभा राहून दुकान विचारतो, त्या रस्त्याच्या फरसबंदीत दुकान आधीच बसवलेले आहे.

जुन्या माद्रिदमध्ये प्लासा मायोरच्या आसपास धंद्यांच्या नावांचे रस्ते आहेत : चाकू करणाऱ्यांचा 'कुचिय्येरोस', भरतकाम करणाऱ्यांचा 'बोर्दादोरेस', पितळकाम करणाऱ्यांचा 'लातोनेरोस'. ग्रानादातील 'साकातीन' हे नाव अरबी असून त्याचा अर्थ जुने कपडे विकणारे असा आहे. आपली तांबट आळी, बुरूड आळी, झवेरी बाजार, चोर बाजार यांच्या पंगतीत ही नावे सहज बसतील. मात्र त्यांवर विसंबून कोणी 'कुचिय्येरोस'मध्ये चाकू घ्यायला गेला तर त्याला खाणावळी भेटतील. नाव राहते, धंदा हलतो.

अटलांटिक ओलांडला की वाटेचे माप बदलते. दुसऱ्या फेलिपेने 1573 मध्ये वसाहतींतील नव्या नगरांच्या रचनेचे नियम घालून दिले. मध्ये चौक आणि तेथून निघणारे सरळ रस्ते. अशा नगरांत अंतर 'क्वाद्रा'त मोजतात. दोन आडव्या रस्त्यांमधला एक टप्पा म्हणजे एक क्वाद्रा. स्पेनमध्ये 'क्वाद्रा' म्हणजे घोड्यांचा तबेला, आणि घरांच्या चौकोनी पुंजक्याला तेथे 'मान्साना' म्हणतात, ज्याचा दुसरा अर्थ सफरचंद. आपल्या विद्यार्थ्याने दोन्ही शब्द शिकावेत आणि कोणता कोठे हे स्पष्ट नोंदवून ठेवावे.

निकाराग्वाची राजधानी मानाग्वा हे याबाबतीत आगळे शहर. तेथे पत्ता घरक्रमांकाने सांगण्याऐवजी एखाद्या खुणेपासून किती क्वाद्रा, असा सांगतात. उत्तरेला 'आल लागो', म्हणजे तळ्याकडे; पूर्वेला 'आर्रीबा', म्हणजे वर; पश्चिमेला 'आबाहो', म्हणजे खाली. सूर्य जिकडून वर येतो ते वर आणि जिकडे खाली जातो ते खाली. आपल्या खेड्यांत 'उगवतीला', 'मावळतीला' म्हणतात, त्यातलीच ही विचाराची रीत. कोकणातील वरची आळी आणि खालची आळी चढउतारावर ठरतात. मानाग्वाचे वर-खाली आकाशात ठरते. डिसेंबर 1972 च्या भूकंपात शहराचा मध्यभाग कोसळला, तरी कोसळलेल्या इमारती पत्त्यांतून गेल्या नाहीत. 'जेथे अमुक होते तेथून दोन क्वाद्रा तळ्याकडे' असे पत्ते तेथे चालत राहिले. हातातल्या फोनवरील नकाशा आज पुष्कळ काम करतो. परंतु जे आता नाही त्यापासून मोजलेली वाट समजण्यासाठी तेथल्या माणसालाच विचारावे लागते. आपल्याकडेही पाडून कित्येक वर्षे झालेल्या थिएटरच्या नावाचे थांबे असतातच.

मराठी माध्यमातून असा पाठ कोणी तयार करील तर त्याला माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, उत्तरे प्रश्नांच्या तिप्पट असावीत, आणि प्रत्येक उत्तर विद्यार्थ्याने ऐकल्याबरोबर प्रश्नरूपाने परत म्हणावे : 'आ मानो देरेचा? देस्प्वेस दे ला प्लासा?' (उजव्या हाताला? चौकाच्या पुढं?) वाट विचारताना आपण मराठीत हे करतोच, आणि सांगणाराही त्यावर पुन्हा हात करून दाखवतो. दुसरी, पाठ्यपुस्तकांत सहसा नसलेले आणि रस्त्यावर वारंवार मिळणारे एक उत्तर त्यात अवश्य असावे. 'नो सोय दे आकी' म्हणजे 'मी इथला नाही'. 'दे आकी' म्हणजे येथचा. आपला 'इथला' हा एकच शब्द तेवढे सगळे सांगतो, आणि उत्तर देणारी बाई असेल तर 'इथली' होतो. स्पॅनिशमध्ये तो बदल होत नाही. हे उत्तर मिळाल्यावर 'ग्रासियास' म्हणून पुढच्या माणसाकडे वळावे, आणि प्रश्न पुन्हा 'आय'नेच सुरू करावा.